मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेल्यावर मार्क का कोसळतात, आणि ते कसे सावरायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, ९१ टक्के मिळाले. तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ७, केमिस्ट्रीला ९, मॅथ्सला ११. वर्गात सगळं डोक्यावरून जातं म्हणते, पेपर दाखवायला लाजते, घरी आली की रडते. आईने विचारलं आहे, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावावा, शहरातल्या मोठ्या क्लासला घालावं, की वेळेत आर्ट्सला बदलून घ्यावं?

ताई, या तिन्हींपैकी एकही गोष्ट आत्ता करू नका. दहावीला ९१ टक्के मिळवलेल्या मुलीचं डोकं तीन महिन्यांत कुठे जात नाही. तिला विज्ञान येतं. फक्त ते ज्या शब्दांत येतं ते शब्द एका सुट्टीत बदलले. त्वरण, संवेग, आम्लारी, संयुजा, ऊती हे तिचे शब्द. आता वर्गात अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, बेस, व्हॅलन्सी, टिश्यू कानावर पडतात. एकेका शब्दाचा अर्थ आठवेपर्यंत सर दोन ओळी पुढे गेलेले असतात, आणि तासाच्या दहाव्या मिनिटाला धागा तुटतो. उरलेला तास फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो. बालभारतीच्या मराठी पुस्तकात महत्त्वाच्या संज्ञेशेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो, पण परीक्षेत तो कुणी विचारत नाही, म्हणून वर्षानुवर्षं नजर कंसावरून उडी मारून पुढे जाते. त्याची भरपाई अकरावीत करावी लागते.

तरीही गेलेले सगळे मार्क भाषेमुळेच गेले असं धरून चालू नका, आधी तपासा. घटक चाचणीचा पेपर घ्या. ज्या प्रश्नाला मार्क गेले त्याचा मराठी अर्थ तिला कुणीतरी सांगायचा. कॉलेजातला वरच्या वर्गातला मुलगा, शेजारचे शिक्षक, कुणीही चालेल. मग तिने कोऱ्या कागदावर तो प्रश्न पुन्हा सोडवायचा, घड्याळ न लावता. मराठीत सांगितल्यावर सुटला तर पेपरवर त्या प्रश्नापुढे ‘भ’ लिहा, म्हणजे भाषा. मराठीतही काय चाललंय हेच कळलं नाही तर ‘स’, म्हणजे संकल्पना. काय करायचं ते कळलं, सूत्रही आठवलं, पण उत्तर चुकलं तर ‘ग’, म्हणजे गणिती हात कच्चा. आता फिजिक्सच्या गेलेल्या १८ मार्कांची या तीन अक्षरांत वाटणी करा, बाकीच्या विषयांचीही तशीच करा, आणि तो कागद जपून ठेवा, नंतर लागणार आहे. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलांचे ‘भ’ कमी निघतात, पण ‘ग’ त्यांनाही चुकत नाही. उपाय तिन्हींचे वेगळे आहेत, म्हणून ही वाटणी केल्याशिवाय क्लासचे पैसे भरू नयेत.

भाषेपासून सुरुवात करू, कारण बहुतेक गाठी तिथेच असतात.

मुलांना वाटतं की मोठे मोठे शास्त्रीय शब्द अडवतात. तसं नाही. शास्त्रीय शब्द मोजके असतात, एका धड्यात पंधरा-वीस, आणि ते सारखे येत राहतात, त्यामुळे महिन्याभरात बसतात. खरं अडतं ते लहान शब्दांपाशी. ते ओळखीचे वाटतात, म्हणून कुणी त्यांचा अर्थ शोधत नाही. एक साधं उदाहरण बघा. स्मूथ हॉरिझॉन्टल सरफेसवर अ‍ॅट रेस्ट असलेल्या २ किलोग्रॅमच्या बॉडीवर १० न्यूटनचा कॉन्स्टंट हॉरिझॉन्टल फोर्स लावला, तर ३ सेकंदांनंतर व्हेलॉसिटी किती? हे नववीचं गणित आहे. पण इंग्रजीत वाचणाऱ्या मुलीला आकडे तीनच दिसतात, २, १० आणि ३, आणि ती म्हणते की सुरुवातीचा वेग दिलेलाच नाही. दिलेला आहे. ‘अ‍ॅट रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘स्मूथ’ म्हणजे घर्षण धरायचं नाही. ‘कॉन्स्टंट’ म्हणजे त्वरण बदलत नाही, म्हणून गतीची नेहमीची समीकरणं चालतील. बल भागिले वस्तुमान, त्वरण ५. तीन सेकंदांनी वेग १५ मीटर प्रति सेकंद. उदाहरण दोन ओळींचं, अर्धी माहिती आकड्यांत आणि अर्धी या शब्दांत लपलेली.

असे शब्द फिजिक्सला चाळीसच्या आसपास भरतील. ‘ड्रॉप्ड’ म्हणजे नुसता सोडला, सुरुवातीचा वेग शून्य. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे दोरीचं वस्तुमान शून्य धरा. इथे लाइटचा अर्थ प्रकाश लावणारी मुलं दरवर्षी निघतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण तोपर्यंत त्यांनी लाइट हा शब्द प्रकाशाच्याच धड्यात पाहिलेला असतो. ‘नॉर्मल’ म्हणजे साधारण नव्हे, लंब. ‘नॉर्मल रिअ‍ॅक्शन’ म्हणजे पृष्ठभागाने लंब दिशेने दिलेलं प्रतिक्रिया बल. हा एक शब्द नीट कळला की घर्षणाचा अर्धा धडा सुटतो. ‘जस्ट बिगिन्स टू स्लाइड’ मधला जस्ट सांगतो की घर्षण आत्ता कमाल मर्यादेवर आहे. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे, पण ‘विथ रिस्पेक्ट टू’ म्हणजे च्या सापेक्ष. दोन्हींत रिस्पेक्ट दिसतो आणि आदराशी एकाचाही संबंध नाही. ‘निग्लिजिबल’ म्हणजे नगण्य, धरू नका. ‘प्रोव्हायडेड’ म्हणजे पुढची अट पूर्ण झाली तरच.

दुसरा सापळा म्हणजे विषयागणिक अर्थ बदलणारे शब्द. ‘सोल्यूशन’ केमिस्ट्रीत द्रावण, मॅथ्समध्ये उकल. ‘प्रॉडक्ट’ मॅथ्समध्ये गुणाकार, केमिस्ट्रीत अभिक्रियेतून तयार झालेला पदार्थ. ‘बेस’ भूमितीत पाया, केमिस्ट्रीत आम्लारी. ‘रिड्यूस’ एरवी कमी करणे, केमिस्ट्रीत क्षपण करणे. ‘मीन’ म्हणजे सरासरी. हे शब्द वहीत लिहिताना विषय लिहायलाच हवा.

तिसरी गोष्ट, प्रश्नाचं क्रियापद. ‘स्टेट’ म्हटलं की नियम जसाच्या तसा लिहायचा, सिद्धता नको. ‘डिराइव्ह’ किंवा ‘ऑब्टेन अ‍ॅन एक्स्प्रेशन’ म्हटलं की सूत्र टप्प्याटप्प्याने काढून दाखवायचं. ‘डिस्टिंग्विश’ म्हटलं की फरक, दोन रकाने आखून. ‘जस्टिफाय’ म्हटलं की कारण दिल्याशिवाय मार्क नाहीत. तिने डिराइव्ह विचारलेल्या ठिकाणी व्याख्या लिहून मार्क घालवलेत का, ते पेपरात बघा. बऱ्याचदा उत्तर पाठ असतं, पण विचारलेलं काय ते कळलेलं नसतं.

इंग्लिश स्पीकिंगचा क्लास नको म्हणतो तो यासाठी. तिथे स्वतःची ओळख करून द्यायला आणि दुकानात बोलायला शिकवतात. ते पुढे कधीतरी उपयोगी पडेल, पण ‘इन्व्हर्सली प्रपोर्शनल’ म्हणजे व्यस्त प्रमाणात, हे तिथे कुणी सांगणार नाही.

मग करायचं काय? बालभारतीचं नववी आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतं. धडे तेच, क्रम तोच, बहुतेक आकृत्याही त्याच. इंग्रजी माध्यमाची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. मराठी पुस्तक तिच्याकडे असेलच, रद्दीत घातलं असेल तर कुणाचं तरी मागून आणा. दोन्ही शेजारी ठेवायची आणि ठरावीक धडेच वाचायचे. नववीतले गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, द्रव्याचे मोजमाप, आणि आम्ल-आम्लारी-क्षार. दहावीच्या पहिल्या भागातले गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, उष्णता, कार्बनी संयुगे. बायोलॉजी असेल तर दुसऱ्या भागातले सजीवांतील जीवनप्रक्रियांचे दोन्ही धडे. अकरावीचा पाया यातच आहे. केमिस्ट्रीच्या पहिल्या धड्यातला मोल नववीच्या द्रव्याच्या मोजमापात येऊन गेलाय, मुलांना फक्त ते ओळखता येत नाही.

वाचायची पद्धत ठरलेली ठेवा. आधी मराठी परिच्छेद, मग तोच इंग्रजी परिच्छेद. क्रम उलटा करू नका. आधी इंग्रजी वाचलं तर मन पुन्हा अडखळत चालतं. मराठी आधी वाचलं तर अर्थ हातात असतो आणि डोळे फक्त ‘याला तिकडे काय म्हणतात’ एवढंच शोधतात. पूर्ण वाक्यांचं भाषांतर लिहीत बसायचं नाही, त्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. परिच्छेद झाला की दोन्ही पुस्तकं मिटून तोच मुद्दा मोठ्याने बोलायचा, अगदी धेडगुजरी भाषेत. ‘मोमेंटम म्हणजे मास आणि व्हेलॉसिटीचा प्रॉडक्ट, तो व्हेक्टर असतो, त्याची दिशा व्हेलॉसिटीचीच.’ असं बोलायला अजिबात संकोच नको. बहुतेक शिक्षक वर्गात असंच शिकवतात आणि मेंदूत पूल बांधला जातो तो अशाच वाक्यांनी. एका धड्याला दोन दिवस, रोज चाळीस मिनिटं. तीन-साडेतीन आठवड्यांत हे संपतं.

याच्या जोडीला एक शब्दवही. दोनशे पानी वही घ्या, पानावर उभे चार रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात दहावीतला मराठी शब्द आणि विषय, चौथ्यात पुस्तकातलं एक छोटं वाक्य ज्यात तो शब्द आलाय. चौथा रकाना मुलं सोडून देतात आणि तिथेच फसतात, कारण सुटा पाठ केलेला शब्द वाक्यात आला की ओळखू येत नाही. रोज दहा शब्द, जास्त नाही. त्याच रात्री एकदा, तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी, तिसरा रकाना हाताने झाकून म्हणायचे. चुकलेल्याला टिंब द्यायचं. तीन टिंबं पडलेले शब्द वेगळ्या कागदावर काढून अभ्यासाच्या जागी भिंतीवर. महिन्याला अडीचशे शब्द होतात आणि अकरावीचं पहिलं सत्र त्यावर निघतं. बायोलॉजीच्या शब्दांना एक काम जादा आहे, स्पेलिंग. मायटोकाँड्रिया आणि क्लोरोप्लास्ट वाचता येणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. ते पाच वेळा लिहूनच काढावे लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही.

इथे एका गोष्टीपासून सावध करतो. वर्गात कळलं नाही की मुलं मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ लावतात. शिकवतात चांगलं, पण हिंदी शास्त्रीय परिभाषा मराठीसारखी दिसते आणि काही ठिकाणी भलत्याच अर्थाची निघते. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द आम्लारीच्या बाजूला जातो. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे स्नायू. शब्द अजून पक्के न झालेल्या मुलीच्या डोक्यात या तीन भाषा एकमेकींत गुंततात. व्हिडिओ बघायचेच असतील तर उदाहरणं सोडवून दाखवणारे बघू देत, पण व्याख्या आणि संज्ञा पाठ्यपुस्तकातूनच.

आता ‘ग’ कडे येतो, कारण याबद्दल घरात कुणाला सहसा कल्पना नसते आणि मुलगी उगाच स्वतःला ढ समजत राहते. अकरावी फिजिक्सचा दुसरा धडा मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात सदिश राशी आहेत आणि डिफरन्शिएशन (एखादी राशी किती वेगाने बदलते ते काढणं) आणि इंटिग्रेशन (त्याची उलट क्रिया) यांची तोंडओळख आहे. तिसऱ्या धड्यापासून ते वापरायला लागतात. आणि मॅथ्सच्या पुस्तकात डिफरन्शिएशन कुठे आहे? दुसऱ्या भागाच्या शेवटच्या, नवव्या धड्यात. म्हणजे फिजिक्सला जे पावसाळ्यात लागतं ते मॅथ्सचे सर वर्ष सरताना शिकवतात. यात तिचं काही चुकलेलं नाही, अभ्यासक्रमातच ही फट आहे, आणि इंग्रजी माध्यमातली मुलंही त्यात पडतात.

ती बुजवायला चार दिवस, रोज एक तास पुरतो. पहिल्या दिवशी घाताचा नियम. एक्सच्या एनव्या घाताचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे डिफरन्शिएशनचं उत्तर, काढताना एन पुढे गुणायचा आणि घात एकाने कमी करायचा. स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य. दुसऱ्या दिवशी त्याचा फिजिक्समधला अर्थ. विस्थापन ३ टी वर्ग अधिक २ टी असेल, तर वेग ६ टी अधिक २, आणि त्वरण ६. हे एक उदाहरण आकडे बदलून वीस वेळा करायचं. तिसऱ्या दिवशी साइन आणि कॉसची डेरिव्हेटिव्ह. चौथ्या दिवशी उलटा प्रवास, इंटिग्रेशन, फक्त घाताचा नियम. सिद्धता आत्ता नको, त्या मॅथ्सच्या तासाला येतील.

दुसरी गोष्ट लॉगची. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. दहावीपर्यंत लॉग शिकवलेला नसतो, आणि अकरावीत ‘टेबल बघा’ एवढंच सांगून पुढे जातात. ४५.६२ चा लॉग असा काढायचा. पूर्णांकात दोन अंक, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे लॉगचा दशांश चिन्हाआधीचा भाग, १. टेबलात ४५ ची ओळ, ६ चा रकाना, तिथे ६५९०. त्याच ओळीत उजवीकडे मीन डिफरन्सच्या २ खाली २. बेरीज ६५९२. उत्तर १.६५९२. घोटाळा होतो तो एकपेक्षा लहान संख्येत. ०.०४५६२ ची कॅरॅक्टरिस्टिक वजा २, आणि ती वर आडवी रेघ देऊन लिहितात, कारण वजा चिन्ह फक्त तिला लागू असतं, मागच्या दशांश भागाला नाही. मुलं पूर्ण संख्या वजा धरतात आणि अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या, काढताना उत्तर भलतंच येतं. रोज पाच लॉग, पाच अँटिलॉग, दोन आठवडे. वेळ दहा मिनिटं.

बाकी दहाचे घात आणि एककं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, ३.६ ने भागायचं. सेंटिमीटर वर्गाचे मीटर वर्ग करताना दहाचा वजा दुसरा घात नाही, वजा चौथा. उदाहरणाची पहिली ओळ नेहमी ‘दिलेलं सगळं एसआय एककांत’ (मीटर, किलोग्रॅम, सेकंद) अशी लिहायची सवय लावली की ‘ग’ चे अर्धे मार्क तिथेच परत येतात.

वर्गात बसण्याची रीतही थोडी बदलावी लागेल. उद्या जो भाग शिकवणार तो आदल्या रात्री वीस मिनिटं नुसता चाळायचा, कळावा म्हणून नाही, तर त्यातले अनोळखी शब्द वहीत आधीच यावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच शब्द सरांच्या तोंडून आला की कान अडखळत नाही. वहीच्या समासात मराठीत टिपणं घ्यायला हरकत नाही, ‘इथे घर्षण उलट्या दिशेला’ असं. मोठं उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचं. शंका मराठीत विचारावी. शिक्षकांना मराठी येतं, आणि भर वर्गात जीभ अडत असेल तर प्रॅक्टिकलला विचारावी. प्रॅक्टिकल ही मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सगळ्यात सोयीची जागा आहे, कारण तिथे शब्द आणि वस्तू एकत्र हातात येतात. व्हर्निअर कॅलिपर हातात धरून लीस्ट काउंट ०.०१ सेंटिमीटर काढला की ‘लघुतम माप’ वेगळं पाठ करावं लागत नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या शंभरांतले तीस मार्क प्रॅक्टिकलचे असतात. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवणारी मुलं हे तीस मार्क आणि ही भाषा दोन्ही गमावतात.

उत्तर लिहिताना इंग्रजी सुंदर असण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, दोन मार्कांची तीन आणि तीन मार्कांची दोन उत्तरं वेळ लावून लिहायची. क्रम ठरलेला. आकृती असेल तर आधी आकृती आणि तिला नावं, मग व्याख्या किंवा नियम, मग सूत्र, मग सूत्रातलं प्रत्येक अक्षर कशासाठी ते, मग किंमती, शेवटी उत्तर एककासह. एका वाक्यात एकच गोष्ट. मराठी माध्यमाची मुलं डोक्यात मराठीतलं लांबलचक वाक्य तयार करतात आणि त्याचं इंग्रजी करायला जातात, तिथे सगळं विस्कटतं. आठ शब्दांच्या वर वाक्य गेलं की तोडायचं.

मोठ्या क्लासबद्दल. क्लास वाईट असतात असं नाही, पण तिथली गाडी वेगात असते, आणि भाषेचा पूल बांधायला तिथे कुणी थांबत नाही. कॉलेजात जे डोक्यावरून जातंय ते तिथे दुप्पट वेगाने जाईल, शिवाय एसटीच्या प्रवासात दोन तास. पूल बांधून झाला, ‘भ’ संपले आणि ‘स’ उरले, तर त्या विषयापुरती शिकवणी जरूर लावा. शक्य असेल तर गावातच, पाच-सात मुलांची, मराठीतून समजावणाऱ्या शिक्षकांकडे.

घरी रोज अडीच तास मिळाले तरी पुरे. चाळीस मिनिटं जोडपुस्तकांचं वाचन, पाऊण तास फिजिक्स-मॅथ्सची उदाहरणं, अर्धा तास केमिस्ट्री किंवा बायोलॉजी, पंधरा मिनिटं शब्दवही, वीस मिनिटं उद्याचा धडा. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की वर्ग नीट भरायला ऑगस्ट उजाडतो आणि मग कॉलेज धडे पळवतं. म्हणून बुडलेलं सगळं पहिल्या पानापासून भरून काढायचा हट्ट धरू नका. आज वर्गात चाललेला धडा आधी, मागचं रविवारी.

प्रवेश परीक्षांची भाषा आत्ताच ठरवून टाका, कारण मुलं शेवटच्या क्षणी डगमगतात. मेडिकलची ‘नीट’ आणि इंजिनिअरिंगची जेईई मेन मराठीतून देता येते. राज्याच्या एमएचटी-सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीत मिळतात, मॅथ्स मात्र इंग्रजीतच असतं. आयआयटीसाठीची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ऐकायला मराठीचा पर्याय बरा वाटतो, पण अकरावी-बारावीची पुस्तकं, नोट्स, सराव पेपर सगळं इंग्रजीत केल्यावर परीक्षेत समोर येणारे वरच्या पातळीचे मराठी शब्द तिने कधीच पाहिलेले नसतील. दहावीपर्यंतचे मराठी शब्द तिचे आहेत, बारावीचे नाहीत. म्हणून माझा सल्ला इंग्रजीचा. सीईटीत २० टक्के भार अकरावीवर असतो, तेव्हा अकरावी नुसती पास होण्यापुरती उरकू नका. बारावीच्या गुणपत्रिकेवर अकरावीचे मार्क येत नाहीत हे खरं, पण ते धडे परत भेटतात.

आता तिच्या रडण्याबद्दल, ताई. दहावीला गावात पेढे वाटले गेले, कदाचित सत्कारही झाला. त्यानंतर २५ पैकी ७ हे तिला अपयश वाटत नाही, उघडं पडल्यासारखं वाटतं. म्हणून पेपर लपवते, वर्गात मागे बसते, विचारायचं बंद करते, आणि मग खरंच मागे पडते. घरातून दोन वाक्यं पूर्ण बंद करा. ‘एवढी फी भरली’ आणि ‘दहावीला तर तुला येत होतं’. त्याऐवजी रोज रात्री शब्दवही हातात घेऊन तिसरा रकाना झाकून तिला विचारा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हे जमतं, उच्चार देवनागरीत लिहिलेलाच आहे. तिच्या अभ्यासात घरचं माणूस रोज दहा मिनिटं शेजारी बसतं, याचा उपयोग शब्दांपेक्षा मोठा आहे. मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, कॉलेजला जाणंच टाळू लागली, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलली, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहिला शाखा बदलण्याचा प्रश्न. आर्ट्स ही हरलेल्यांची शाखा नाही, तिथे जाऊन मुलं उत्तम करतात, पण ती आवडली म्हणून जावं, एका घटक चाचणीला घाबरून नव्हे. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉम, कायदा हे सगळे रस्ते खुले राहतात. आर्ट्समधून बारावी केल्यावर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला थेट जाता येत नाही. म्हणून घाई नको. दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकचा पर्यायही पुढच्या वर्षी उरतोच, आणि डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हाताने काम करायची आवड असेल तर तो रस्ता कमी प्रतीचा समजू नका.

निर्णयासाठी दुसरी घटक चाचणी धरा. दिवाळीपूर्वीच्या सत्र परीक्षेत मार्क थोडेच हलतील, कारण तोवर पूल जेमतेम उभा राहिलेला असेल. दुसऱ्या घटक चाचणीचा पेपर घरी आला की पुन्हा तीच तीन अक्षरं लिहायला बसा आणि जपून ठेवलेला पहिला कागद शेजारी ठेवा. ‘भ’ निम्म्यावर आले असतील तर सायन्स सोडायचं कारण नाही, मार्क अजून कमी दिसत असले तरी. ‘भ’ जवळपास संपले, तिने मन लावून काम केलं, आणि तरीही पानभर ‘स’ च असतील, मराठीतून समजावलं तरी त्या विषयात तिचं मन रमत नसेल, तर तिला समोर बसवून विचारा की तिला काय शिकायचंय. उत्तर द्यायला एक रात्र द्या, लगेच मागू नका.